उधन्यातली विष्णुक्रांता

उधना, सुरत
दि. २८ ऑगस्ट १९९७

सौ. शोभा हिस,

आशीर्वाद लिहावा की नमस्कार, यावर पेन हातात धरून बराच वेळ बसलो होतो. शेवटी दोन्ही लिहितो, तुला पटेल ते ठेव. धनूला खूप पापे. आता तिसरीत असेल ना? सासूबाईंना आणि भटूला माझा नमस्कार सांग. मी इकडे बरा आहे. वजन थोडं वाढलंय. त्याला कारण इंदुबाईंची कळण्याची भाकरी, ते पुढे येईलच.

पोळा चार दिवसांवर आला. भटूने शिंगांचा रंग आणून ठेवला असेल. इथं बैल नाहीत, पण कानबाई यंदा उधन्यात जोरात झाली. आपल्या गल्लीत इंदुबाईंच्या घरी बसली होती. त्यांनी मला आरतीला बोलावलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी नवा शर्ट घालून गेलो.

लूमचं खातं पहिल्यासारखंच चालू आहे. आठ मशीनं माझ्याकडे, शेजारची आठ सुकदेवकडे. शेठने नवा पंखा लावलाय, तो फक्त शेठच्या खुर्चीवर फिरतो.

आता ज्यासाठी बसलो ते सांगतो. आपल्या खोलीच्या मागं विष्णुक्रांता फुलली आहे. तुमच्या गावात तिला नुसती निळी म्हणतात, तीच. शाळेमागच्या बरडावरची. लग्नानंतर पहिल्यांदा मला तिकडे घेऊन गेली होतीस आणि म्हणाली होतीस, जपून पाय टाका, खाली आकाश आहे. मला तेव्हा खाली फक्त गवत दिसलं होतं. मी तसं म्हणालोही होतो, आणि तू परत येईपर्यंत बोलली नव्हतीस.

खोलीमागं काय होतं ते तुला माहीत आहे. सगळ्या गल्लीचा उकिरडा. वासापायी मागच्या खिडकीला मी खिळे ठोकले होते. प्लेगच्या त्या सप्टेंबरनंतर म्युनिसिपालिटीने शहर धुऊन काढलं, तेव्हा तो उकिरडाही गेला. सहा ट्रक भरले. (त्या सप्टेंबरबद्दल जास्त लिहीत नाही. रस्ता बंद होता, मी अडकलो, तुला माहीतच आहे.) उकिरडा गेल्यावर आपली भिंत आणि रेल्वेचं कुंपण यांच्यामध्ये बारा फूट जागा उघडी पडली. कोणी म्हणालं स्कूटर लावू, कोणी म्हणालं देऊळ बांधू. मी म्हटलं फुलं लावू. सगळे हसले, आणि हसताहेत तोवर मी दोरी बांधून घेतली.

बी मिळवलं. कुठून ते विचारू नकोस, नंतर सांगेन.

मागच्या वर्षी पहिला प्रयत्न केला. फूटभर खणलं, शेणखत घातलं, भुईमूग टोकतात तसं एकेक बी बोटभर खोल टोकलं. पाऊस लागला. इथली काळी माती तुला ठाऊक आहे, पाणी धरून बसते. महिनाभर काही नाही. मग चार-पाच रोपं वर आली, पांढरटलेली, लांब मानेची. आठ दिवसांत कुजली. मी त्या चिखलापुढे उकिडवा बसलो होतो तेव्हा इंदुबाई ओट्यावरून म्हणाल्या, "हाई काय गवत लायं रे भाऊ?"

शोभा, त्या माझ्याशी बोलल्या! तू गेल्यापासून त्यांनी माझ्याशी एक अक्षर काढलं नव्हतं. समोर आलो तर पदर ओढून आत जायच्या. मी सांगितलं, निळी आहे, माळावरची. त्या खाली उतरल्या, चिखलात बोट घातलं आणि इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. म्हणाल्या, माळावर वाढलेलं पोर हे, त्याला तू गादीवर निजवून दूधभात भरवतोस, मरणार नाही तर काय? तिला उपाशी ठेव.

मग यंदा त्यांच्या हुकुमाने केलं. उन्हाळ्यात वरची काळी माती काढली आणि मुरूम, विटांचे तुकडे, रेती भरली. रस्त्याचं काम चाललं होतं तिथून मुरूम डोक्यावर टोपलीने आणला. खत नाही, शेण नाही. जमिनीला भिंतीकडून कुंपणाकडे उतार दिला, पाणी थांबायला नको म्हणून. बियांचं कवच कडक असतं म्हणून त्या फडक्यात जाड्या रेतीबरोबर चोळल्या, कोमट पाण्यात भिजत टाकल्या. मग बारीक रेतीत मिसळून मुठीने फेकल्या. मी वर माती टाकायला गेलो तर इंदुबाईंनी हातावर चापट मारली. गाडायचं नाही, नुसतं दाबायचं. फळी ठेवली आणि त्या स्वतः त्या फळीवरून चालत गेल्या, माझा खांदा धरून, नवरीसारख्या. गल्ली बघायला जमली होती.

नवव्या दिवशी हिरवं दिसलं. पण निळी कोणती आणि तण कोणतं? मी उपटायला निघालो, पुन्हा चापट. चार पानं येऊ दे म्हणाल्या. चार पानांवर ओळख पटली, निळीच्या पानावर चंदेरी लव असते, उन्हात चमकते. मग वीत-वीत अंतर ठेवून बाकीची काढली. जीव तुटला, पण काढली. उरलेल्यांनी असे हातपाय पसरले म्हणतेस! मधून निघाल्या आणि सायकलच्या आऱ्यांसारख्या चहूकडे जमिनीला धरून गेल्या. एकही उभी राहत नाही. सगळ्या पडूनच वाढतात.

एकोणीस तारखेला सकाळी सात वाजता दोन फुलं. शर्टाच्या बटणाएवढी. दुसऱ्या दिवशी नऊ. आज मी मोजायचं सोडून दिलं. मागच्या खिडकीचे खिळे काढले. पत्र लिहितोय ते तिथंच बसून.

एक अडचण आहे. फुलं सकाळी उघडतात आणि दुपारी दोनला मिटतात. दिवसपाळीला मला ती दिसेनात. म्हणून रातपाळी मागून घेतली. शेठ म्हणाला, लोक रातपाळी चुकवतात आणि तू मागतोस, घरी भांडण आहे का? मी म्हटलं घरी कोणीच नाही.

पांडेसऱ्याच्या डाइंगमध्ये रंग जुळवणारा बन्सीलाल साडीचे तुकडे घेऊन आला होता. दोन तास फुलाशेजारी तुकडे ठेवून बघत बसला. एकही जुळला नाही. जाताना म्हणाला, "पंचवीस वर्षं निळा बनवतोय, आज कळलं की बनवता येत नाही." आणि खूश होऊन गेला.

सोबत कागदात दाबलेली तीन फुलं धनूसाठी. रंग थोडा उतरेल.

उत्तराची अपेक्षा नाही. तरी पोस्टमन कधी येतो ते मला आता पाठ आहे.

आपला,
योगराज

*

पोस्टकार्ड

टेकवाडे, ता. अमळनेर
दि. १४ सप्टेंबर १९९७

पत्र मिळालं. आम्ही ठीक आहोत. धनू चौथीत आहे, तिसरीत नाही. फुलं तिने वहीत ठेवली.

रोपांना रोज पाणी घालू नका. बरडावर कोण घालतं?

एकच विचारते. त्या दिवशी रस्ता बंद होता का? सुकदेवभाऊ त्याच रस्त्याने परत आले होते. स्टेशनवर त्यांनीच धनूला खिडकीतून गाडीत घेतलं. मी तीन वर्षं विचारलं नाही, कारण तुम्ही आपणहून सांगाल असं वाटत होतं.

खरं असेल तेवढंच लिहा. लिहायचं नसेल तर पुन्हा पत्र पाठवू नका.

शोभा

*

उधना, सुरत
दि. २३ सप्टेंबर १९९७

शोभा,

रस्ता बंद नव्हता.

हे एवढंच कार्डावर लिहून टाकणार होतो. पण तू खरं असेल तेवढं लिहायला सांगितलंस, आणि खरं याहून जास्त आहे.

त्या दिवशी दुपारी खात्यात बातमी आली की शेजारच्या खात्यातला एक कारीगर प्लेगने गेला. आदल्या दिवशी तो माझ्याबरोबर चहा प्यायला होता, एकाच बशीतून. शेठने मशीनं बंद केली आणि तो गाडीत बसून निघून गेला. आम्ही रस्त्यावर आलो. तीन रस्ता नाक्यावर धुळ्याचा एक ट्रक उभा होता. माणसं चढत होती. सुकदेवने हात दिला, मी चढलो.

तिथून आपलं घर पंधरा मिनिटांवर. मी धावत गेलो असतो तर दहा. तू घरी होतीस, धनूच्या अंगात थोडी कणकण होती, मी सकाळी निघताना तू म्हणाली होतीस की येताना तिच्यासाठी गोळ्या आणा. मला ते सगळं आठवत होतं. विसरलो नव्हतो. ट्रक लगेच सुटला असंही नाही, वीस-पंचवीस मिनिटं उभा होता. मी वर बसून आपल्या गल्लीच्या दिशेला बघत होतो आणि मनात म्हणत होतो, इंदुबाई आहेत, त्या नेतील. धनूचं अंग गरम आहे. ते काय असेल? हा विचार आला आणि मी तोंडावरचा रुमाल घट्ट केला. शोभा, मी माझ्या पोरीला भ्यालो.

बारडोलीला ट्रक थांबला तेव्हा सुकदेव उतरला. म्हणाला, माझी म्हातारी आणि बायको तिथं आहेत, मी जातो. माझ्याकडे बघून म्हणाला, "चाल ना." मी म्हटलं, तू हो पुढे. तो वाट बघत उभा राहिला. ट्रक सुटेपर्यंत उभा होता.

धुळ्याला भावाकडे पाच दिवस राहिलो. जेवलो, झोपलो. मग तुम्ही दोघी अमळनेरला पोचल्याचं कळलं आणि मी आलो, आणि ओसरीवर बसून सांगितलं की मी गाडीच्या शोधात गेलो होतो, पोलिसांनी रस्ता बंद केला. तू चहा आणून दिलास आणि काही बोलली नाहीस. मला वाटलं पटलं. नाही, हे पण खोटं. मला तेव्हाच कळलं होतं की तुला कळलंय.

मग तेच मी सगळ्यांना सांगत सुटलो. गल्लीत, खात्यात, भावाला. इतक्या वेळा सांगितलं की बंद रस्ता मला दिसायला लागला, लाकडाचा आडवा दांडा आणि दोन पोलीस. सुकदेव तीन वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर उभा आहे. एकदाही मला खोटं पाडलं नाही. मशीनचा आवाज मोठा असतो, त्याचे मी आभार मानायचो.

मला मरायची भीती वाटली. दुसरं काही कारण नाही. शोधून पाहिलं, सापडलं नाही.

आता बियांचं सांगतो, म्हणजे लपवलेलं काही राहणार नाही. दोन्ही वर्षी बी मी तुमच्याच बरडावरून आणलं. डिसेंबरात सकाळच्या गाडीने अमळनेरला उतरायचो आणि मागच्या वाटेने यायचो. तुमचं घर तिथून दिसतं. पहिल्या वर्षी तू हातपंपावर होतीस, धनू तुझ्या मागं घागर धरून उभी होती, दोन वेण्या घातलेल्या. किती उंच झाली होती! मी बाभळीमागं बसून राहिलो. यावं असं वाटलं, पण येऊन ओसरीवर पुन्हा तेच खोटं सांगावं लागलं असतं, आणि खरं सांगायची छाती नव्हती.

भटूने मला पाहिलं. मला वाटलं आता दगड घेतो. तो आला, बघत उभा राहिला आणि म्हणाला, "काय शोधी राह्यनात, पाव्हना?" मी सांगितलं, बी. तो खाली बसला आणि माझ्या रुमालातलं बी बघून म्हणाला, हे हिरवं आहे, उगवणार नाही, करड्या रंगाची बोंडं घ्या. मग दोघांनी मिळून तासभर गोळा केलं. त्याच्या फडक्यातली अर्धी भाकरी मला दिली. निघताना विचारलं, "ताईले सांगू का?" मी नको म्हटलं. त्याने सांगितलं नाही असं दिसतंय. त्याला रागावू नकोस.

फुलांचं लिहू का? लिहितो, कारण त्यात माझा दोष कमी आहे. कुंपणापर्यंत पोचली आहेत. सकाळी रातपाळीहून येणारे कारीगर वाकडी वाट करून इकडून जातात. परवा एक म्हातारे गृहस्थ चप्पल काढून उभे होते. पाणी रोज घालत नाही, तुझं कार्ड आल्यापासून आठवड्यातून एकदाच.

ये असं मी लिहीत नाही. तो हक्क मी ट्रकमध्ये चढताना खाली ठेवला. फुलं दिवाळीनंतरही महिनाभर राहतात, असं इंदुबाई म्हणतात. एवढंच लिहितो.

धनूला यातलं काय सांगायचं ते तू ठरव. मला विचारशील तर सगळं सांग.

योगराज

*

उधना, सुरत
दि. ९ नोव्हेंबर १९९७

चि. भटूस ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. आईला सांग, गाडीत बसायला जागा मिळाली आणि तिने दिलेले सगळे लाडू धनूने नंदुरबार यायच्या आत संपवले. तू भाऊबीजेला दिलेली साडी मी नेसूनच आले.

आधी तुझा हिशेब. दोन वर्षं तुझे पाव्हने बरडावर येऊन जातात, तू त्यांना भाकरी देतोस, आणि घरी येऊन माझ्यासमोर मुकाट जेवतोस? मी समोरासमोर आले की बघते तुझ्याकडे. पण भाकरी दिलीस ते बरं केलंस.

चार दिवसांसाठी जाते असं सांगून निघाले होते, त्याला आज सहा दिवस झाले, म्हणून हे पत्र.

येते म्हणून कार्ड टाकलं होतं, तर स्टेशनावर हे दोन तास आधीपासून येऊन बसले होते, आणि तेही चुकीच्या फलाटावर. गाडी आली तेव्हा जिन्यावरून धावत आले. दम लागल्यामुळे काही बोलता येईना. धनू माझ्यामागं लपली. तीन वर्षांत तिने यांना पाहिलं ते माझ्या पेटीतल्या फोटोत, त्यात केस जास्त आहेत. मग यांनी खिशातून गोळ्यांची पुडी काढली, लिमलेटच्या गोळ्या, आणि तिच्या हातात दिली. म्हणाले, "उशीर झाला." एवढंच. धनूला काही कळलं नाही. मला कळलं. मी पिशवी उचलून पुढे चालू लागले, कारण फलाटावर रडायचं नाही असं मी अमळनेरलाच ठरवलं होतं.

गल्लीत शिरलो तर इंदुबाईंच्या ओट्यावर सगळे बसलेले. सुकदेवभाऊ, त्यांची बायको, त्यांची म्हातारी, पांडेसऱ्याचे बन्सीलालभाऊ, आणखी कितीतरी. मला वाटलं माझ्या स्वागताला आहेत. इंदुबाई मला धरून रडल्या, धनूची दृष्ट काढली. मग कानात म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याने दसऱ्याला सोनं वाटताना सगळ्या गल्लीसमोर उभं राहून सांगितलं की रस्ता बंद नव्हता, मी पळालो होतो. भटू, मी त्यांना असं करायला सांगितलं नव्हतं. माझ्या पत्रात एक अक्षर नव्हतं तसं. मी विचारलं, मग लोक काय म्हणाले? इंदुबाई म्हणाल्या, काय म्हणणार, निम्मी गल्ली पळाली होती, सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. शेवटी सुकदेवची म्हातारी म्हणाली, झालं ना सांगून, आता आपट्याचं पान दे. आणि सगळे हसले.

फुलांविषयी विचारशील. मी फुलं बघायला आले नाही, हे मी यांना स्टेशनावरच सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत चहा घेऊन उभी राहिले आणि चहा गार झाला. आपल्या बरडावर ती तुटक तुटक असते, इथं एक, तिथं चार. इथं भिंतीपासून कुंपणापर्यंत बारा फूट नुसता निळा पसारा. मध्येमध्ये विटांचे लाल तुकडे डोकावतात. मालगाडी गेली की सगळं थरथरतं. जिथून आठ वर्षं मी नाक दाबून पाणी भरलं, ती हीच जागा, हे खरं वाटेना. मी हसायला लागले. यांना वाटलं काही चुकलं. धावत आले आणि विचारतात, "काय झालं? कीड दिसली का?" मला आणखी हसू. धनू उठून आली, तीही हसायला लागली, कशाला ते न कळता. तिघं खिडकीत उभे राहून हसत होतो आणि समोरून रातपाळीची माणसं बघत जात होती.

धनू आता दिवसभर तिथंच पालथी पडलेली असते. फुलाच्या बरोबरीला डोळे आणून बघते. म्हणते, उभं राहून ही फुलं दिसतच नाहीत. परवा ती आणि हे दोघं तसे पालथे पडले होते, मी मागं तांदूळ निवडत होते. त्यांना वाटलं मी आत आहे. धनूने विचारलं, "पप्पा, तुम्ही तेव्हा का पळालात?"

मी तिला सगळं सांगितलंय, तुला माहीत आहे. तरी माझा हात थांबला. यांनी फुलाजवळचा विटेचा तुकडा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "भीती वाटली."

धनू म्हणाली, "मला पण वाटली होती." आणि मग म्हणाली, "हे बघा, हिच्यात मुंगी गेलीय."

हे उठून बसले आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मी आत जाऊन तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडले.

भटू, सगळं विसरले असं नाही. रात्री कडी दोनदा बघते. ते बाहेर निघाले की कुठे निघालात असं तोंडातून येतंच, आणि तेही आता पायरीवर थांबून नीट सांगतात, दुकानात जातो, दहा मिनिटांत येतो, आणि आठव्या मिनिटाला परत येतात. काल म्हटलं, एवढं धावत येऊ नका, छातीत दुखेल. तर म्हणाले, सवय होऊ दे. वरण मात्र अजून खारट करतात. तीन वर्षं स्वतःच्या हातचं तेच खाल्लं म्हणे. आता चूल मी घेतली आहे. रातपाळीही सोडायला सांगितली. फुलं सकाळची कशी दिसतात ते मी संध्याकाळी सांगत जाईन.

आता बियांचं. बोंडं धरली आहेत, पण पिकायला अजून पंधरा-वीस दिवस जातील. हे काम यांच्यावर सोडता येत नाही. हिरवीच तोडतात, तुलाही तो अनुभव आहे. शिवाय इंदुबाईंचं म्हणणं, निम्मं बी इथंच गळू द्यायचं, म्हणजे पुढच्या वर्षी आपोआप उगवेल, आणि निम्मं खुडून रेल्वेच्या कुंपणापलीकडे टाकायचं. बन्सीलालभाऊंना त्यांच्या डाइंगच्या दारात लावायचंय. सुकदेवभाऊंची म्हातारी म्हणते, माझ्या दारातही टाका, पण मला वाकता येत नाही, शोभा येऊन दाबून देईल. मी हो म्हणून बसले. हे सगळं जुलैत असतं, हे हो म्हटल्यानंतर लक्षात आलं.

आईला वाईट वाटेल, म्हणून हे तिला वाचून दाखवताना हळू वाच आणि शेजारी बस. सांग की संक्रांतीला आम्ही तिघं येतो. तिघं.

आणि एक काम कर. दिवाळीची सुटी संपली की शाळेत जाऊन धनूचा दाखला काढ. इथली मराठी शाळा जवळच आहे, बाईंशी बोलून आले, दाखला आला की वर्गात बसवतो म्हणाल्या. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहावं लागतं. गुरुजी घाईत काहीबाही लिहितील, तसं होऊ देऊ नकोस. 'वडिलांच्या घरी राहण्यास गेली' असं लिहून घे, आणि सही-शिक्का होण्याआधी एकदा वाचून बघ.

तुझी ताई,
सौ. शोभा योगराज बोरसे